तीन पायांनी घरी

मुख्याध्यापिकाबाई दुकानात शिरल्या तेव्हा घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. बाईंनी शाळेची एक जुनी वही काउंटरवर उघडली. "तीन पायांची शर्यत, पहिला क्रमांक," त्यांनी नावांवर बोट ठेवलं. "तुम्ही आणि समोरचे टेलरमास्तर. येत्या रविवारी माजी विद्यार्थ्यांच्या स्पर्धा आहेत, मुलांच्या दवाखान्याला चाकांच्या खुर्च्या घेण्यासाठी. हीच जोडी मी पुन्हा पळवणार आहे."

स्प्रिंग उडाली ती पुन्हा सापडलीच नाही.

बाई नव्याने बदलून आलेल्या. घड्याळजी आणि टेलरमास्तर गेली एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? कारण म्हणाल तर एक पँट. घड्याळजींनी मुलीच्या लग्नासाठी ती शिवून घेतली आणि ऐन लग्नात, नव्या व्याह्यांसमोर, पँटचा एक पाय इंचभर आखूड निघाला. जाब विचारायला गेले तर मास्तर म्हणाले, "पँट बरोबर आहे, तुझा पायच लांब आहे." झालं. शाळेत एका बाकावर बसलेली, एकाच नळाला तोंड लावून पाणी प्यायलेली ही दोन माणसं तेव्हापासून समोरासमोर बसून एकमेकांच्या दुकानाच्या पाट्या वाचत होती.

गल्लीला हे सगळं तोंडपाठ होतं. म्हणून तर औषधवाल्याने बाईंना छातीठोकपणे सांगितलं, की हे दोघं बांधलेल्या पायांनी शेवटची रेघ ओलांडतील तर एक खुर्ची माझ्याकडून. सायकलवाल्याने दुसरी कबूल केली, पुस्तकवाल्याने तिसरी. पदरमोड न करता दानशूर व्हायला कोणाला आवडत नाही? शनिवारपर्यंत सात खुर्च्या झाल्या. आता नाही म्हणावं तर दवाखान्यातली लेकरं डोळ्यांपुढे यायची. दोघंही मुकाट्याने तयार झाले.

रविवारी मैदानावर शाळेच्या फिती नेमक्या कमी पडल्या. टेलरमास्तरांनी खिशातून कापडाची एक पट्टी काढली, वाकून दोघांचे पाय बांधले आणि गाठ मारली. त्या पँटचं शल्य त्यांनाही असावं, कारण गाठ अशी मारली की पुन्हा कोणाची त्यांच्या कामाला नावं ठेवायची छाती होऊ नये.

"यांना सांगा, बांधलेला पाय आधी टाका म्हणून," घड्याळजी पंचांना म्हणाले.

"यांना म्हणावं, मला ठाऊक आहे," मास्तर त्याच पंचांना म्हणाले.

शिट्टी वाजली आणि दोघं जागच्या जागी आपटले. उठले, पुन्हा आपटले. बाकीच्या जोड्या पोचून पाणी पीत होत्या. रेघेजवळ औषधवाला गालातल्या गालात हसत होता. ते हसू घड्याळजींना दिसलं आणि पंचेचाळीस वर्षांत न उच्चारलेलं काहीतरी त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. "आतला... बाहेरचा..."

"आतला, बाहेरचा," मास्तरांनी ताल धरला.

शाळेमागच्या बोळात महिनाभर हेच घोकत ते पळाले होते. दोघांचे मिळून चार गुडघे फुटले होते आणि घरी प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगून मार चुकवला होता. काय दिवस होते ते! डोकी विसरली होती, पाय विसरले नव्हते. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं रेघेपलीकडे गेले, शेवटून पहिले. औषधवाल्याचं हसू मावळलं.

पण आता गाठ सुटेना. घामाने पट्टी घट्ट आवळली होती. शाळेची कात्री कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई घरी जेवायला. "माझी कात्री दुकानात आहे," मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले. तेव्हा तीन पायांची वरात दुकानापर्यंत गेली. गल्ली दारात येऊन उभी राहिली. तिथे मास्तरांना आठवलं, की दुकानाची किल्ली घरी आहे.

इकडे घड्याळजींच्या खिशात त्यांचा चिमटा होता. असल्या गाठीला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. प्रत्येक पावलाला तो टोचत होता, पण हात काही खिशाकडे जाईना. आत्ता सुटलो तर उद्या पुन्हा समोरची पाटी वाचत बसायचं, हे त्यांना दिसत होतं आणि ते त्यांना नको होतं.

घराच्या वाटेवर शाळेमागचा तो जुना नळ लागला. दोघं कट्ट्यावर टेकले.

"ऐक," मास्तर नळाकडे बघत म्हणाले. "तुझा पाय लांब नव्हता. मलाच तेव्हा जवळचं दिसेनासं झालं होतं. टेप वाचता येत नाही, असं टेलरने सांगायचं कोणाला?"

घड्याळजी म्हणाले, "मला सांगायचंस. मला तरी भिंगाशिवाय काय दिसतं?"

"तू बोलत कुठं होतास?"

आतला, बाहेरचा करत दोघं मास्तरांच्या घरी पोचले.

"दुकानाची किल्ली दे," दार उघडताच मास्तर बायकोला म्हणाले. "कात्री काढायचीय."

"किल्ली कशाला?" वहिनींना नवल वाटलं. "अहो, गळ्यात आहे की कात्री. सदऱ्याच्या आत, दोरीला. आंघोळ सोडली तर कधी काढता का तुम्ही ती?"

मास्तर छताकडे बघू लागले. घड्याळजींना हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. पण माणूस सरळ. त्यांनी खिशातला चिमटा काढून टेबलावर ठेवला. मास्तरांनी चिमट्याकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं आणि गळ्यातली कात्री काढून त्याच्या शेजारी ठेवली.

वहिनींना आणखी काही विचारावं लागलं नाही. "एकोणीस वर्षांनी आलात भावजी," त्या म्हणाल्या. "बसा तसेच. जेवण होईपर्यंत कोणी सुटायचं नाही."

आणि चिमटा, कात्री दोन्ही उचलून त्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.