मधू क्षेमकल्याणीचं समालोचन

मला एक दाढ काढायला जितका वेळ लागतो, साधारण तितकाच मधू क्षेमकल्याणीला स्वतःचं आडनाव सांगायला लागतो. ‘क्षे’वर तो अडकतो. डोळे मिटतो, मान उजवीकडे कलते, ओठ तयार असतात, पण शब्द बाहेर येत नाही. समोरचा माणूस घाईघाईने ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणतो आणि मधू राहू देतो. लहानपणापासून हे असंच आहे.

पण त्याच्या हातात पाण्याची एक छोटी बाटली द्या. ती तो माइकसारखी तोंडापुढे धरेल. समोर कुणीतरी गोल्फ खेळत असू द्या. मग हाच माणूस तासभर बोलतो, एका अक्षरालाही न अडखळता, आणि ऐकणारे पोट धरून हसतात.

मला त्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही वाकडं बोललो तर तुम्हाला कारण माहीत असेल.

गोल्फ म्हटल्यावर कुणाला हिरवळीचे डोंगर आणि पांढरे हातमोजे दिसायला लागतील, तर तसं काही नाही. पिंपळगाव बसवंतजवळ भाऊसाहेब बोरस्ते यांचा द्राक्षांचा मळा आहे. ते माझे जुने पेशंट. एकदा द्राक्ष बागायतदारांबरोबर ते हॉलंडला गेले, तिथे बसच्या खिडकीतून त्यांना गोल्फ दिसला आणि परत आल्यावर त्यांनी म्हातारी झालेली एक बाग उपटून तिथे गवत लावलं. ठिबकच्या जाड मुख्य पाइपाचे तुकडे जमिनीत पुरून सहा खड्डे केले. प्रत्येक खड्ड्यावर झेंडा म्हणून पाखरं हाकलायची चमकी बांधली. एका बाजूला शेततळं आहे. ते मुद्दाम खेळासाठी केलेलं नाही, पण माझे चेंडू तसं समजतात.

खेळ सोपा. काठीने चेंडू मारत मारत सहाही खड्ड्यांत घालायचा, ज्याला सगळ्यात कमी टोले लागतील तो जिंकला. दर रविवारी सकाळी आम्ही जमतो. मी, बोरस्ते आणि वकील असलेले आमचे मित्र पाटणकर. मधू खेळत नाही. तो माझा शाळेपासूनचा मित्र, पंचवटीत राहतो आणि रविवारी मी त्याला गाडीतून घेऊन जातो. म्हणजे हे संकट मीच स्वतःच्या पेट्रोलवर तिकडे नेलं.

मधूचं घराणं भिक्षुकीचं. वडील, काका, थोरला भाऊ, सगळे रामकुंडावर यजमानांचे विधी करणारे. मधूला मंत्र सगळे पाठ होते, आणि म्हणताना तो कधी अडखळत नसे. पण विधीच्या मध्ये यजमानाला ‘तुमचं गोत्र काय?’ एवढं विचारायचं असतं आणि तिथे गाडी थांबायची. वडिलांनी दोन-चारदा पाहिलं आणि त्याला सांगितलं की तू आपला नोकरी बघ. मधू पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. नकाशाला बोलावं लागत नाही, असं तो म्हणायचा. म्हणजे लिहून दाखवायचा.

मी नेलं त्या पहिल्या रविवारी तो नुसता झाडाखाली बसला होता. मी पहिला टोला मारायला उभा राहिलो. पाय रुंद केले, खांदे सैल केले, सगळं शिकल्याप्रमाणे. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, “गोदावर्याः उत्तरे तीरे, बोरस्ते-मळ्यामध्ये, शुभ रविवासरे, दंतवैद्यगोत्रोत्पन्न आमचे डॉक्टर, शेततळं चुकावं या इच्छेने, टोला मारणं करिष्ये.”

बोरस्ते गवतावर बसले ते उठेचनात. पाटणकर, जे कोर्टातसुद्धा हसत नाहीत, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी वळून पाहिलं तर मधू बाटली तोंडाशी धरून उभा होता आणि आमच्या सगळ्यांपेक्षा त्यालाच जास्त नवल वाटलेलं दिसत होतं. माझा चेंडू अर्थातच शेततळ्यात गेला.

त्या दिवसापासून आमच्या खेळाला खेळ कुणी म्हणेना. बोरस्ते मधल्या वारी फोन करून विचारायचे, “डॉक्टर, मधुभाऊ येणार हाय ना? नसतील येणार तर मी फवारणी काढतो.” मी येणार आहे की नाही, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

आता माझी बाजू ऐका. मी कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेला माणूस. गंगापूर रोडवर आमच्या भागात कुठलाही कार्यक्रम असला की सूत्रसंचालनाला मला बोलावतात. दाताच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला उत्तर देता येत नसतानाही मी त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारू शकतो. बोलणं हे माझं राज्य होतं. आणि त्या राज्यात, ज्याला रिक्षावाल्याला ‘पंचवटी’ म्हणता येत नाही म्हणून जो चालत घरी जातो, तो माणूस बाटली घेऊन शिरला.

त्यातून आमची ही, नीलिमा. पाच वर्षं मी गोल्फ खेळतोय, ही एकदाही पाहायला आली नव्हती. उन्हाचा त्रास होतो म्हणायची. बोरस्तेंनी मधूच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं ते तिने ऐकलं आणि पुढच्या रविवारी ती थालीपिठांचा डबा घेऊन गाडीत पुढच्या सीटवर बसली. मैदानावर ती ज्या प्रकारे हसली, तसं हसू मी लग्नानंतर एक-दोनदाच ऐकलं होतं, आणि तेही माझ्या विनोदाला नव्हतं.

ते रेकॉर्डिंग मग फिरलं. भाजीबाजारात एका अनोळखी बाईंनी मला थांबवून विचारलं, “शेततळ्यात चेंडू घालणारे डॉक्टर तुम्हीच ना?” मी हो म्हणालो. त्यांनी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकत विचारलं की ते बोलणारे गृहस्थ कोण, फार गोड माणूस वाटतो.

एकदा तर कहर झाला. चौथ्या खड्ड्यावर माझ्या पहिल्याच टोल्याला चेंडू उडाला, गवतावर पडला, सरळ धावत गेला आणि खड्ड्यात पडला. एका टोल्यात. लोकांचं आयुष्य जातं, असं घडत नाही. मी दोन्ही हात वर करून वळलो तर तिघंही माझ्याकडे पाठ करून मधूकडे बघत होते, कारण तो तेव्हा पाटणकरांच्या टोपीचं वर्णन करत होता. पाहिलं फक्त त्यानेच. तो म्हणाला, “डॉक्टरांचा चेंडू खड्ड्यात गेलेला आहे. चेंडूचा याला नाइलाज होता.” बस. माझा एवढा पराक्रम, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो चेंडूचा नाइलाज.

मीसुद्धा प्रयत्न करून पाहिला. एका रविवारी मधूला ताप होता. मी बाटली घेतली आणि बोरस्तेंच्या टोल्याचं वर्णन सुरू केलं. भाषा शुद्ध होती, उपमा होत्या. तिसऱ्या वाक्याला बोरस्तेंनी खिशातून फोन काढला आणि कांद्याचा भाव विचारायला लागले. घरी येताना नीलिमा म्हणाली, “अहो, तुम्ही छान बोलता. पण तुम्ही बोलता तेव्हा मैदान दिसत नाही, तुम्हीच दिसता.” मी शहरातल्या द्वारका चौकाच्या सिग्नलपर्यंत काही बोललो नाही. माझ्यासाठी ते बरंच अंतर आहे.

मधूच्या बायकोबद्दल सांगायला हवं. उषावहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या होत्या तोवर मधूचं अडत नसे, कारण तो जिथे अडे तिथे त्या पुढचा शब्द घालत. दुकानात, लग्नात, डॉक्टरकडे. फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा, त्या शेजारी बसून बोलायच्या आणि मधू मान डोलवायचा. मुलगी केतकी बंगळूरला असते. तिचं आणि मधूचं सगळं संभाषण आईच्या आवाजात झालेलं. त्या गेल्यावर मुलीचा फोन आला की तो नुसता ‘हं, हं’ करतो आणि मग लांबलचक मेसेज लिहितो. फोनवर त्याचं अडखळणं सगळ्यात वाईट. समोर चेहरा नसतो, आणि पलीकडच्याला वाटतं, फोन कट झाला.

वर्षातून एकदा आमची स्पर्धा असते, यंदाची संक्रांतीच्या आधीच्या रविवारी होती. काढणीची धांदल सुरू व्हायच्या आत बोरस्ते ती उरकतात. बोरस्तेंना द्राक्ष प्रदर्शनात मिळालेला एक चषक आहे, तो वर्षभर विजेत्याच्या घरी राहतो. आजवर तो बोरस्तेंच्याच घरी राहिलेला आहे, कारण बरोबरी झाली तर चषक आदल्या विजेत्याकडेच, असा नियम त्यांनी करून ठेवलाय. यंदा मात्र मी तयारीने गेलो होतो. शेवटच्या खड्ड्याशी पोचलो तेव्हा बोरस्तेंचा खेळ संपला होता आणि माझा चेंडू खड्ड्यापासून हातभर अंतरावर होता. हा एक टोला आत गेला की मी जिंकलो, चुकला की बरोबरी. एवढ्या अंतरावरून नीलिमानेसुद्धा घातला असता.

मधू रंगात आला होता. “वारा पडलेला आहे,” तो म्हणत होता, “बोरस्तेंचा चेहराही पडलेला आहे.” तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सवयीने त्याने तो स्पीकरवर घेतला.

“बाबा,” केतकीचा आवाज दमलेला होता. “मुलगी झाली. पहाटे. तारखेच्या आधीच झाली, पण दोघी बऱ्या आहोत.”

पुढच्या आठवड्यात मधू तिकडे जाणार होता, तिकीट काढलेलं होतं. मधूने बाटलीचा हात खाली घेतला, तोंड उघडलं, आणि तो अडकला. मान कलली. डोळे मिटले. असा अडकलेला मी त्याला शाळेतही पाहिला नव्हता.

“बाबा? आहात ना?” पलीकडून केतकी म्हणाली. “मेसेज नका ना करू आज. आई असती तर बोलली असती. तुम्ही बोला काहीतरी.”

नीलिमा पुढे झाली, तिला वाटलं आपण बोलावं. मधूने हातानेच तिला थांबवलं. त्याला स्वतःला बोलायचं होतं आणि होत नव्हतं. मी काठी हातात धरून उभा होतो. मला काय सुचलं ते माझं मलाच नीट सांगता येणार नाही. मी चेंडूपाशी गेलो, पाय रुंद केले आणि म्हणालो, “मधू, मी मारतोय. केतकीला दिसत नाहीये. तिला सांग.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. आणि हळूच आवाज फुटला. “डॉक्टर... उभे राहिलेले आहेत. केतकी, तुझे डॉक्टरकाका. हातभर अंतर आहे. मैदानात शांतता आहे.”

मी मारण्याचा पवित्रा घेतला आणि सोडून दिला. खाली बसून गवताचा चढ पाहिला. तो बोलत राहिला. “डॉक्टर गवताशी चर्चा करत आहेत. बोरस्ते देवाचं नाव घेत आहेत. नीलिमाकाकू रडत आहेत, त्याचा खेळाशी संबंध नाही. आणि झाडाखाली एक म्हातारा उभा आहे. तो पहाटेपासून आजोबा आहे, पण त्याला आत्ता कळलेलं आहे.”

फोनमधून हसण्याचा आवाज आला, आणि मग तो हसण्याचा राहिला नाही.

मी उठलो, खड्ड्याला एक फेरी घातली. मी चेंडू मारला की खेळ संपणार होता, आणि खेळ संपला की हा पुन्हा गप्प होणार होता. म्हणून मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. चेंडू पुसला. मधूचा आवाज खाली आला, पण तुटला नाही. “या म्हाताऱ्याने मुलीला तान्ही असताना पहिल्यांदा उचललं तेव्हा तिच्याशी बोलायचं त्याच्या मनात खूप होतं. आई बोलली, तो बघत राहिला. तिला शाळेत घातलं, सासरी पाठवलं, तेव्हाही आईच बोलली. त्याचं सगळं बोलायचं शिल्लक आहे. तो येतो आहे. नातीला सांग, आजोबाला वेळ लागतो, पण तो बोलतो.”

मग केतकीच म्हणाली, “काका, आता मारा हो. बाबा दमले असतील.”

मी मारला. चेंडू खड्ड्याच्या कडेवरून फिरून पलीकडे गेला. बरोबरी. मधू चष्मा पुसत होता. बोरस्ते चषक घेऊन माझ्याजवळ आले आणि हलकेच म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही न्या यंदा.” मी नको म्हणालो. मनापासून हवा होता, तरी नको म्हणालो.

परतताना मधूला पंचवटीत सोडलं. गाडीतून उतरून तो खिडकीशी वाकला आणि ‘बा’वर अडकला. ‘बारसं’ हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. नीलिमाच्याही असणार. आम्ही दोघंही थांबलो. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, मग दुसऱ्या गाडीने. मधूने त्याचा तो शब्द पुरा केला, आम्हाला बोलावलं आणि घरात गेला.

संध्याकाळी आमच्या मुलाचा फोन आला. तो अमेरिकेत असतो आणि दर रविवारी न चुकता करतो. आम्ही त्याच्या थंडीबद्दल बोललो, आमच्या थंडीबद्दल बोललो, गाडीच्या विम्याबद्दल बोललो. मी नेहमीसारखाच सफाईने बोलत होतो. मग तो म्हणाला, “बाकी काय, बाबा?”

बाकी बरंच होतं. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

“हॅलो?” तो म्हणाला. “बाबा, आवाज येतोय ना?”

“येतोय,” मी म्हणालो. “थांब जरा. ठेवू नकोस.”