मुजावर सरांची बुरशी

टँकर तीन दिवस आला नव्हता आणि मुजावर सर माझ्या दारात वाटी घेऊन उभे होते. बुरशीसाठी पाणी मागायला! त्या उन्हाळ्यात लोहाऱ्यात लोक तोंड धुतलेलं पाणी म्हशीपुढं ठेवत होते, आणि ह्या माणसाला दोन चमचे पाणी बुरशीला हवं होतं.

"काळजीचं काही न्हाय बाई, पण ती मरायलीय," सर म्हणाले.

मुजावर सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी. आमची घरं भिंतीला भिंत लागून. बायको जाऊन वीसेक वर्षं झालेला हा एकटा माणूस म्हणजे चालतीबोलती धास्ती होती. त्यांचं वाक्य 'काळजीचं काही न्हाय, पण'नं सुरू व्हायचं आणि ऐकणाऱ्याची झोप उडवूनच संपायचं. "काळजीचं काही न्हाय, पण तुमच्या छपराचा वासा वाकलाय." "काळजीचं काही न्हाय, पण असल्या खोकल्याकडं दुर्लक्ष करू नका." माझ्या सासूबाई तर त्यांचा आवाज आला की आधी खाली बसून घ्यायच्या.

तर ही बुरशी. गावच्या शेतकी सोसायटीच्या रोपवाटिकेत वांग्याच्या मुळांना गाठी धरून रोपं माना टाकत होती. मातीतल्या सुतासारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचं काम. सरांनी शाळेमागच्या उकिरड्यातून एक बुरशी शोधून काढली. ती म्हणे असले किडे धरून खाते! बशीत ओली माती, वर दुसरी बशी पालथी, आणि ते सगळं माठाखालच्या गारव्यात. सर ती सारखी उघडून बघायचे, आणि उघडल्यामुळं सुकेल म्हणून घाबरून लगेच झाकायचे.

रस्त्यानं जाणारा कुणीही गडी दिसला की त्याचा दंड धरून सर त्याला आत न्यायचे आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगायचे.

"किडा नसला तर ही गरीब. सडका पाला खाऊन ऱ्हाती. किडा आसपास हाय असं कळलं की फास टाकती. ह्यो बघा फास! किडा आत घुसला, आतून नुसता स्पर्श झाला की झालं, फास बंद! सुटका न्हाय!"

बहुतेकांना स्वतःच्या पापण्या दिसायच्या. ते "व्हय, व्हय" करत निघू बघायचे, पण दंड सरांच्या हातात असायचा. एकदा टँकरच्या रांगेतला एकजण असा आत गेला आणि बाहेर येईस्तोवर टँकर रिकामा. त्याच्या बायकोनं सरांना जे ऐकवलं, ते मराठीची शिक्षिका म्हणून मला इथं लिहिता येणार नाही. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "सर, किडे खाणारी ऱ्हाऊ द्या. पाणी देणारी बुरशी घावली तर सांगा."

मे महिन्यात गुलबर्ग्याहून निरोप आला. सरांची एकुलती एक मुलगी नसीम तिथं दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आई नाही आणि पाणीही नाही, म्हणून ती सासरीच राहिलेली. अब्बांनी मात्र जवळ असावं, एवढंच तिनं कळवलं होतं.

"कसा जाऊ?" सर म्हणाले. "हिला कोण बघंल?"

असा संताप आला मला! "सर, पोटची पोर बोलावतीय आणि तुम्ही बुरशी धरून बसलाय? आणा ती बशी इकडं. मी बघते."

पाणी किती, शेण किती, झाकण कसं, हे मला शिकवण्यात त्यांनी दोन दिवस घालवले. शेवटी मीच त्यांची पिशवी उचलून त्यांना स्टँडवर नेलं. उमरग्याला गाडी बदलून पुढं गुलबर्गा. उमरग्याची गाडी आली, भरली, गेली. सर जागचे हलले नाहीत.

"आता पुढची गाडी सोडलीत तर बशी रस्त्यावर आपटीन, सांगून ठेवते!"

सर हसले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, नसीमच्या वेळी तिच्या अम्मीला सकाळीच कळा सुरू झाल्या. शाळंत परीक्षा होती. मी थांबतो म्हणलो. ती म्हणाली, जावा तुम्ही, काळजीचं काही न्हाय. तिला पुढं 'पण' म्हणायचं होतं का, ते मी विचारलंच न्हाय. परत आलो तर पोरगी होती, ती नव्हती."

मी पिशवी खाली ठेवली. "भीती वाटतीय ना?"

"लई," सर म्हणाले.

दुसरी गाडी आली. कंडक्टरला सांगून मी त्यांना चढवलंच. खिडकीतून ते पाण्याचंच बजावत होते. 'काळजीचं काही नाही' अगदी माझ्या तोंडावर आलं होतं. मी ओठ आवळून धरले आणि नुसता हात केला.

मग माझे हाल सुरू झाले. सकाळी बशीत पाणी शिंपायचं आणि दिवसभर गुलबर्ग्याकडच्या निरोपासाठी जीव टांगणीला. कुणी येईना, काही कळेना. सासूबाई आपल्या तांब्यातलं पाणी बशीसाठी काढून ठेवायला लागल्या. "जगू दे गं माय," एवढंच म्हणायच्या. कुणाला, ते मीही विचारलं नाही.

सर आले ते थेट शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. त्यांना दारात बघताच मी बशी घेऊन धावले. "सर, जगली बघा!"

त्यांनी बशीकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाई, नात झाली! नसीम बी ठणठणीत हाय."

मी पुढच्या 'पण'ची वाट बघत थांबले. तो आलाच नाही.

"आणि मूठ एवढीशी, बाई! तळव्याला बोट लावलं, नुसता स्पर्श झाला की झालं, मूठ बंद!" सरांनी आपलं बोट उभं धरलं आणि त्याच्याकडंच बघत राहिले. "सुटका न्हाय."