भापकर काकांचा बाजार

दुपार कलली की आमच्या कॉलनीत मोठी घरघर सुरू होते आणि नवखा माणूस दचकून वर बघतो. शिर्डीचं विमान वाट चुकून खाली आलं की काय, असं त्याला वाटतं. आम्ही जुने लोक मान वर करत नाही. शेजारच्या भापकर काकांनी लॅपटॉप चालू केला, एवढाच त्याचा अर्थ.

लॅपटॉपला एवढा आवाज कसा, तर काकांनी त्याच्या पोटाखाली एक्झॉस्ट फॅन बसवलाय. बाथरूमच्या भिंतीत असतो तो. काका जन्मभर नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होते. तापलेली वस्तू दिसली की ती गार केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लोखंडी पट्ट्यांचं स्टँड, त्याला जुन्या बेअरिंगचे पाय, खाली फॅन आणि समोर वाळ्याचा कूलर. उन्हाळ्यात लॅपटॉप गार वाऱ्यात असतो आणि काका बाजूला घामाने निथळत. मी एकदा म्हटलं, "काका, थोडा वारा तुम्हीही घ्या की." तर म्हणाले, "मला काय हुतंय? मी काय हँग हुतो का?"

हा लॅपटॉप त्यांच्या मुलानं कॉलेजात असताना गेम खेळायला घेतलेला. त्या वेळी तो पैलवान होता. आता बिजागरी मोडलीय, एक कोपरा चिकटपट्टीवर उभा आहे आणि तीन कळा टिचकी मारल्याशिवाय बोलत नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि मागच्या दिवाळीला त्यात एक नवाकोरा गेम घालून गेला. म्हातारा बैल आणि गाडीत उसाची दुप्पट मोळी, असला प्रकार. नव्या लॅपटॉपचं विचारलं की काका म्हणतात, "पोरगं म्हनतंय, दिवाळीला आनतो. कुठल्या दिवाळीला ते सांगत न्हाई."

माणूस म्हणून काका तसे खवीस. दारात कोणी आलं की उंबऱ्यावर आडवा हात लावून म्हणणार, "उभ्याउभ्या सांगा." लग्नाची पत्रिका उभ्याउभ्या, वर्गणी उभ्याउभ्या, मयताची खबरसुद्धा उभ्याउभ्या. बसा हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. काकू मात्र अगदी उलट. त्या नेवाशाच्या आठवडे बाजारात बांगड्या विकायच्या. रस्त्यानं जाणाऱ्या बाईचा हात धरून तिला ओट्यावर बसवायच्या आणि बांगडी चढेपर्यंत तिच्या सासरची सगळी हकिकत काढून घ्यायच्या. दोन पावसाळ्यांमागं त्या मोरीत पडल्या, खुबा मोडला आणि तेव्हापासून आतल्या खोलीत पलंगावर आहेत. सुरुवातीला बायका भेटायला यायच्या. मग येईनाशा झाल्या. ज्याला त्याला आपापले व्याप असतात.

तर तो गेम. त्यात घोड्यावरचा एक दरोडेखोर आहे, कमरेला पिस्तूल, पुढं जुन्या काळचं परदेशी गाव. गावाच्या वेशीवर एक माणूस रोज हातापाया पडतो, की माझ्या भावाला डोंगरात बांधून ठेवलंय, आत्ताच्या आत्ता चला. काका त्याच्या शेजारून घोडा चालवत बाजारात जातात. दिवाळीपासून तो भाऊ बांधलेलाच आहे. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "पोलिसात जा म्हनावं." पिस्तुलातली एक गोळी त्यांनी उडवलेली नाही. घोडा कायम डाव्या बाजूनं, कुणाला धक्का लागू न देता. असा सज्जन दरोडेखोर मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. एकदा तिथला बंद पडलेला प्रिंटर मी थापटून चालू केला, तेव्हापासून कॉलनीत मला कॉम्प्युटरमधला समजतात. त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीवरून काका मला लॅपटॉपच्या तब्येतीची खबर द्यायचे.

"आज झाडाची पानं काढली. उन्हाळ्यात आपल्याकडं तरी कुठं असत्यात?"

मग सावल्या काढल्या. "नगरात कुनाला सावली घावती?" मग नदीचं पाणी काढलं, मग ढग, मग घरांची कौलं. सेटिंगमध्ये जे जे कमी करता येतं, ते ते त्यांनी कमी केलं. तरीही गेम अडखळायचाच. मी म्हणायचो, "काका, बाजारातली गर्दी कमी करा. ओझं तिचंच आहे." त्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं.

"ते सोडून बोला. मानसं कमी करायची न्हाईत."

मला गंमत वाटायची. ज्याला दारात एक माणूस खपत नाही, त्याला गेममध्ये अख्खी जत्रा हवी.

यंदा एप्रिलात ऊन फार पेटलं आणि एका दुपारी ती घरघर मधेच थांबली. थोड्या वेळानं भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं. चेहरा पार उतरलेला. "जरा येता का? सारखं बंद पडतंय. आज तिसऱ्यांदा." इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला.

लॅपटॉपवर हात ठेवला तर चटका बसला. आम्ही तो गार होऊ दिला, फॅनमधली धूळ काढली. काका कूलरला पाणी आणायला मोरीत गेले, तेवढ्यात मी शहाणपणा केला. सेटिंग उघडलं आणि गर्दी पार तळाला नेली. गेम लोण्यासारखा चालायला लागला. घोडा ऐटीत बाजारात शिरला. आता त्या बाजारात एक म्हातारा आणि एक कुत्रं एवढंच उरलं होतं.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "अवो, आज बाजार भरला न्हाई का?"

मी वळून बघितलं. लॅपटॉपमधून निघालेली काळी वायर पडद्याखालून आत गेली होती. पडदा सारला तर पलंगासमोर टीव्ही, टीव्हीवर तोच रिकामा बाजार, आणि उशीला टेकून बसलेल्या काकू. केस नीट विंचरलेले, कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. बाजाराला निघालेल्या बाईसारख्या.

काका बादली तिथंच ठेवून आले. खुर्चीत बसले आणि माणसं पुन्हा वर चढवली. गल्ल्या भरल्या. लॅपटॉप कण्हायला लागला.

"हां, आली," काकू म्हणाल्या. "ती निळ्या झग्याची बघा. सव्वादोनच्या बांगडीचा हात. आन् तिच्या मागची अडीचची, पर सव्वादोन मागंल. लई बघितल्यात असल्या."

काका घोडा अगदी हळू नेत होते, काकूंना प्रत्येक हात दिसावा म्हणून. तेवढ्यात लॅपटॉप थकला आणि चित्र अडकलं. सगळा बाजार उचललेल्या पावलानिशी तसाच थांबला. काका घाईनं टिचक्या मारायला लागले.

"ऱ्हाऊ द्या हो," काकू आतून म्हणाल्या. "मला कळतंय चित्रं हायेत ती. पर थांबत्यात तरी. खरी मानसं कुठं थांबत्यात?"

काकांचा हात कळेवरच राहिला. मी खाली बघत चपला शोधायला लागलो. काका उठले. मला वाटलं दार लावायला उठले. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि काकूंच्या पलंगाशेजारी नेऊन ठेवलं.

"बसा जरा," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "हे चालू हुईस्तोवर."