अनसूयामायची जप्त बाटली

यंदाच्या धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला, धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत अनसूयामायवर अन्याय झाला. ढवळ्या-पवळ्यावरही झाला. ढवळ्या-पवळ्या हे तिचे गुडघे. माय मूळची कुहीकडची, शेतात राबलेली. उठताना दोघांना बैलांसारखी हाकते. "चाल गा ढवळ्या. पवळ्या, तू काहून अडून राहिला?" पाहुणा आला की आधी त्यांची खुशाली सांगते, मग स्वतःची.

डॉक्टर म्हणाले, सांध्यांची झीज आहे. माय म्हणाली, "झिजाले मी का चंदन हाव?" आणि औषध आपणच केलं. परवान्याच्या दुकानातून भांगेची पानं आणायची, जवसाच्या तेलात कढवायची, ते तेल रोज चोळायचं. कढवताना अख्खी गल्ली नाक दाबते. गुण पानांचा की चोळण्याचा, मला ठाऊक नाही. चोळल्यावर माय चालते, एवढं मी पाहिलं आहे.

त्या दिवशी कोणीतरी चुगली केली आणि शिपाई आला. पंचनाम्यात त्याने 'गांजाचं तेल' लिहिलं. नुसती पानं कायद्याने गांजात मोडत नाहीत. पण मायला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"गांजा म्हनतं? वास तरी घे ना बाप्पा. इतक्या मंद आचेवर तुही माय तरी कढवते का?"

"आजी, सही करा."

"करतो. पन तुहा गुडघा आत्ता कटकट वाजला. बस, चोळून देतो."

शिपाई बाटली घेऊन गेला. लंगडत गेला.

मी दुपारीच पत्रक काढलं, 'वृद्धेवर पोलिसी जुलूम'. तिला वाचून दाखवलं. "वृद्धा कोन गा?" म्हणाली. "माहं नाव खोड. ढवळ्या-पवळ्याचं टाक."

तेव्हापासून माय रोज सकाळी आठ वाजता समोरच्या जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर ओरडते. मला वाटलं, चुगलखोर सापडला. बाह्या सरसावून गेलो. माय ओरडत होती, "शेवंते, आज वांगी केली वं. गल्लीतली मांजर व्याली."

शेवंताबाई वर एकटी असते. भाचा डबा ठेवून जातो. लकव्याने तिची वाचा गेली, उजवा हात गेला. तीन वर्षं माय रोज एकोणीस पायऱ्या चढून तिची वेणी घालत होती. गल्लीत कोणाला पत्ता नव्हता, मलाही नाही. बाटली गेल्यापासून ढवळ्या-पवळ्या जिना चढत नाहीत.

मी वर जातो म्हणालो.

"तू नोको जाऊ. मानसापुढं केस सोडून बसाची लाज वाटते तिले." मग माय जिन्याकडे पाहत हळू म्हणाली, "दहा दिवस झाले गा. गुंता झाला असन."

तेव्हा गल्लीकरांनो, पुरुषांनी सोमवारी अकराला माझ्यासोबत ठाण्यात बाटली मागायला यावं. बायांनी सोमवारची वाट पाहू नये. उद्या आठ वाजता तुमच्यातल्या एकीने त्या एकोणीस पायऱ्या चढाव्यात. दार नुसतं लोटलेलं असतं. कंगवा खिडकीत आहे.