दारावर लावलेलं वेळापत्रक

मराठीच्या निबंधात मला वीसपैकी शून्य मिळालं. ही गोष्ट झालीच नाही असं समजून पुढचं सांगतो.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी डिचोलीला बारावीत होतो. शिवदास सरांनी निबंध दिला, 'लेखक म्हणून माझी वाढ'. शनिवारी अकरापर्यंत द्यायचा. ज्याचा निबंध सर्वांत चांगला, तो वार्षिक अंकाचा संपादक. ती खुर्ची माझीच होती! मी जाऊन बसायचं तेवढं बाकी होतं.

मोठे लेखक वेळ पाळतात म्हणे. रविवारी मी सुबक अक्षरात वेळापत्रक केलं. 'लेखन : सकाळी ५ ते ७, सायंकाळी ६ ते ८. वेळ कटाक्षाने पाळली जाईल.' घरातल्या भिंतींना नुकताच चुना लावलेला. आई म्हणाली, "भिंतीक खळ लावशीत तर याद राख!" म्हणून कागद दाराला बाहेरून चिकटवला.

सोमवारी पाचला कडी वाजली. शेजारची कमलाक्षीमावशी कोरा कागद घेऊन उभी.

"मावशे, इतक्या सकाळी?"

"तूच दारार पाच लिवलंस मरे! नवीन सरकार इलां, नळ मागून घेवया. लिही अर्ज."

"अगो, ती माझ्या लेखनाची वेळ!"

"मग ह्या काय? शिवण?"

मंगळवारी अकराजण आले. राज्य नवं, त्यामुळे आमच्या सगळ्या मये गावाला काहीतरी हवं होतं. एकाला दारासमोर विजेचा खांब हवा होता, त्याच्या भावाला तोच खांब नको होता. दोन्ही अर्ज मीच लिहिले. दोन्ही जोरदार! आईने अंगणात बाक टाकलं आणि चहा सुरू केला. तिला वाटलं, मुलगा नोकरीला लागला.

बुधवारी मी कागद फाडला. पण वेळ गावाला पाठ झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी रस्त्याच्या कामावरची, बेळगावकडची हौसाबाई आली.

"सासूला लिवा, दिवाळीला येत न्हाई म्हणून. पर तिला राग यायला नको."

"हौसाबाई, असं वाक्यच नसतं!"

"मग तुम्ही कसले लेखक वो?"

त्या एका वाक्यात आठ वाजले. ते जमलं नाहीच.

शनिवारी सकाळी निबंधाचा एक शब्द नव्हता. डिचोलीला जायला गावातल्या बाबलीच्या खनिजाच्या ट्रकात चढलो. पुढे ट्रकांची रांग लग्नाच्या पंगतीसारखी, कोणी उठेना!

"लिही आरामात," बाबली म्हणाला. "आज कोण हलणा नाय."

डोळे मिटत होते, पण पेन आपोआप धावत होतं. अकराला दोन मिनिटं असताना निबंध दिला. वाचून बघायला वेळ कुठला!

सोमवारी सरांनी तो वर्गात वाचला.

"'सेवेशी, निम्नस्वाक्षरीकर्ता विनंतीपूर्वक कळवतो की, अर्जदाराची लेखक म्हणून वाढ गेल्या वर्षापासून रखडलेली आहे. शेजारच्या वाड्यातील मुलांची केव्हाच झाली आहे. तरी प्रत्यक्ष पाहणी करून ती त्वरित मंजूर व्हावी.'"

खाली लाल शाईत सरांचा शेरा होता : नामंजूर.

संपादक वर्गातली गौरवी झाली. तिने म्हणे निबंध शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर सहज लिहिला.

मी दमलो आहे. आता स्वतःसाठी हा एकच अर्ज :

प्रति, मा. संचालक, वेळ खाते, पणजी. आपल्या नव्या राज्यात दिवस तीस तासांचा करावा. वाढीव सहा तासांची माहिती मये गावात कोणासही, विशेषतः अर्जदाराच्या आईस, देऊ नये. पोच मिळावी, ही विनंती.