शिट्टीच्या गाण्याची बखर

श्री. आधी नमन वैशाखातील सूर्यास, जो राजास व रंकास एकाच तव्यावर भाजतो. दुसरे नमन वाचेस, जिचेवाचून दुःखास दुःख म्हणता येत नाही. ते करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहिले असे. राज्याचे नाव कोणी पुसो नये. राजधानी थोर, समुद्रकाठी, इमारती आभाळास टेकलेल्या, आणि ग्रीष्म आला म्हणजे दरबारची मंडळी थंड डोंगरांवर हवा खाण्यास जात आणि मागे राहिलेली रयत उकडून निघे. त्याचे काही वर्षे आधी नगरातील काही तरुण मंडळी दरबारच्या नोकऱ्यांस आणि दरबारच्या गाण्यांस सारखीच विटली. त्यांणी केस वाढविले, बायांनी कापिले, अंगावर चित्रे गोंदविली, आणि नगराबाहेर डोंगराचे पोटी एक पडीक दगडखाण होती तेथे उन्हे कलताच जमू लागली. कोणी खाणीचे भिंतीवर रंगांनी राक्षस काढी आणि त्यास कारभाऱ्यांचे तोंड देई, कोणी सहा तारांचे गिटार नामे वाद्य छेडी, कोणी कविता म्हणे आणि तीत खुद्द सिंहासनास शिव्या असत. मेळ्यास परवाना नाही, तिकीट नाही, मंडप नाही. कायदा एकच, की येथे कोणी नाव सांगू नये आणि गाण्यास धनी नसावा. ज्याचे तोंडी बसेल त्याचे गाणे. या मंडळीत पुढारी म्हणावे ऐसे शौनकपंत आठल्ये होते, गळा गोड, बोलणे त्याहून गोड, कचेरीतील खुर्ची लाथाडून आले म्हणून त्यांचा लौकिक मोठा.

खाणीचे काठी दगडफोड्यांची वस्ती होती. खाण बंद पडली तरी वस्ती उठली नव्हती, कारण जावे कोठे हे कोणी सांगितले नव्हते. तेथे नागूबाई धोत्रे म्हणून बाई राहात असत, वय चाळिशीचे, बोलणे थोडके, आणि नगरात लोकांचे घरी धुणेभांडी करून आपले मयत भावाची लेक रेणुका हीस वाढवीत असत. मेळ्याचे पहिलेच साली एके दिवशी बाई कामावरून येत होत्या, तो या मंडळींनी खाणीचे तळाशी एके जागी सतरंजी अंथरून गाणे मांडिलेले त्यांणी पाहिले, आणि डोकीवरचे बोचके खाली न ठेविता तशाच उतरून गेल्या आणि म्हणाल्या, "उठा हितनं. पलीकडं बसा." मंडळी हसली. शौनकपंत आदराने उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, येथे कोणाची हद्द नाही. जागा सर्वांची." बाई म्हणाल्या, "जागा सर्व्यांची असंल. पर हितं माझा भाऊ गेला." मग सतरंजी आपसूक गोळा जाहली. कोणीतरी पुसिले, कसा गेला? बाईंस सांगवेना. बायकांनी जात्यावर म्हणावे तैसे, खाली पाहात, त्यांणी गाऊन सांगितले:

शिट्टी नाही वाजविली, बार आधी उडाला
माझा यल्लू गं बाई, धुळीमंदी बुडाला
कुणी नाही वाजविली? नाव घ्या गं बायांनो
रंभाजीच्या वाड्याला ऐकू जाऊ द्या बायांनो

त्याची हकिकत ऐसी, की खाण चालू होती ते काळी सुरुंगास बत्ती देण्यापूर्वी मुकादमाने शिट्टी वाजवावी आणि माणसांनी दूर पळावे ऐसा हुकूम. खाणीचे धनी सरदार रंभाजीराव कानडखेडकर एके दिवशी खासा खाणीवर आले होते. राजमार्गास खडी हवी, दरबारचा तगादा, सरदार संतापलेले. मुकादमाने शिट्टी तोंडास लाविली तो सरदार गरजले, "शिट्ट्या कसल्या फुंकता? द्या बत्ती." बत्ती दिली. यल्लाप्पा धोत्रे खाली पहार काढावयास गेले होते ते तेथेच राहिले. चौकशी जाहली आणि निवाडा पडला की मयत इसम आपले चुकीने मेला. सरदारांचे नाव कोठेच लागले नाही. ते नाव वस्तीचे बायांनी गाण्यात तेवढे ठेविले होते.

गाणे सरले. शौनकपंतांचे डोळ्यांतून पाणी आले आणि ते त्यांणी पुसिले नाही. मग हात जोडून म्हणाले, "ताई, यास मी तारांची साथ करू का?" बाईंनी त्यांचे तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "करा. पर नाव मोठ्यानं घ्या." तेव्हापासून दर ग्रीष्मी मेळा वाढत गेला, आणि सूर्य डोंगराआड जाता जाता नागूबाई खाणीचे तळाशी उभ्या राहात, शौनकपंत तारा छेडीत, आणि शेवटचे ओळीस सारी खाण 'रंभाजी' म्हणून ऐसी ओरडे की भिंतींवरून नाव परत परत येई. ते ऐकून बाईंचे अंगातून काहीतरी उतरून जाई. घरी येऊन त्या रेणुकेस जवळ घेत आणि म्हणत, "आज बी ऐकू गेलं गं तेला." शौनकपंत वस्तीवर येत, भाकरी खात, नागूताई म्हणून हाक मारीत, आणि बाईंस वाटे की गेलेला भाऊ नाही तरी भावासारखे काही देवाने धाडिले.

सरदारांस खरेच ऐकू गेले. राजधानीत त्यांचे नातवंडांस शाळेत पोरे गाणे म्हणून दाखवू लागली. सरदार क्रोधे तप्त होऊन दरबारी गेले आणि म्हणाले, "मेळा मोडून काढावा, पुढाऱ्यांस बेड्या घालाव्या." तेथे एक कारभारी बहुत शहाणे होते. ते म्हणाले, "सरदार, बेड्या घातल्या तर आज खाणीत आहे ते उद्या चवाठ्यावर येईल. ही मुले उन्हातान्हात दगडावर बसतात. त्यांस मंडप द्यावा, कर्णे द्यावे, दिवे द्यावे. खर्च आपण सोसावा, म्हणजे कौतुकही आपणच करावे." सरदारांस मसलत मानवली. मग शौनकपंतांस पालखीतुल्य मोटार धाडून बोलावणे केले, थंड हवेचे दिवाणखान्यात बसविले, सरबत दिले, आणि 'ग्रीष्मकलामहोत्सव' स्थापून त्याचे सूत्रधारपद देऊ केले. शौनकपंतांनी विचारास अवधी मागितला. तो अवधी त्यांणी जिना उतरेतोच पुरा केला.

मग ते वस्तीवर आले. नागूबाई दारात तांदूळ निवडीत होत्या. पंत नेहमीप्रमाणे भुईवर बसले, पण बसण्यापूर्वी जागा झाडून घेतली, हे बाईंनी पाहिले. पंत म्हणाले, "नागूताई, आनंदाची वार्ता आहे. यंदा आपले गाणे सारे राज्य ऐकेल. मोठा मंच, मोठे कर्णे. फक्त एक नाव गाळायचे."

बाई म्हणाल्या, "कुठलं?"

"आपणांस ठाऊक आहे. खर्च त्यांचा आहे, ताई. यल्लाप्पांचे नाव राहील. धूळ राहील. सारे राहील."

"भाऊ, त्या गाण्यात नाव येकच हाय. यल्लूला समदी वस्ती वळखतीया, त्याचं नाव कशाला घ्यावं लागतंय?"

पंत म्हणाले, "खाणीत चार टाळकी ऐकत होती. आता लाख ऐकतील. दुःख तेवढे पोचले तरी पुष्कळ नाही का?"

"लाखांनी काय ऐकायचं? बार उडाला आन् कुणीच उडिवला न्हाई, आसं?" ऐसे म्हणून बाईंनी सूप बाजूस ठेविले आणि म्हणाल्या, "म्या न्हाई गाणार."

तेव्हा शौनकपंत उठले. तोंड उतरलेले होते, खोटे सांगू नये. मग म्हणाले, "बरे. आपण गाऊ नये. मी गाईन."

"माझं गाणं?"

"ताई, गाण्यास धनी नसतो. हे आपण पहिले दिवसापासून मानीत आलो."

 तो कायदा बाईंनी केला नव्हता, पण त्या कायद्याचे सावलीस त्या इतकी वर्षे उभ्या होत्या, आणि आता ती सावली काढून घेतली तेव्हा कोणते तोंडाने म्हणावे की ही माझी? पंत गेले. तांदूळ तसेच राहिले आणि त्यांत चिमण्या आल्या.

वैशाखी पौर्णिमेस महोत्सव मांडिला. खाणीस कनाती लागल्या, भिंतींवरील राक्षसांचे तोंडांवरून चुना फिरविला आणि तेथे मोर काढिले, तळाशी हिरवे गालिचे घातले, आणि येणाराचे मनगटास रंगीत पट्टा बांधून मगच आत सोडीत. सतरंजी ज्या जागेवरून हटविली होती तेथे सरदारांचे आसन मांडिले. हे कोणी जाणून केले नाही. ती जागा सपाट होती इतकेच. वस्तीचे लोकांस शिपायांनी अडविले. नागूबाई म्हणाल्या, "म्या हितलीच हाय." शिपाई गरीब होता, अदबीने म्हणाला, "मावशी, इथले लोक उद्या. आज बाहेरचे." मग बाई वळसा घालून, लहानपणी दगड वाहिले त्या पायवाटेने, डोंगराचे माथ्यावर गेल्या आणि खाणीचे कडेस उभ्या राहिल्या.

खाली नाच चालला होता. मुलींचा ताफा डोकीवर पाट्या घेऊन मंचावर आला, पाट्यांत दगड, ते दगड थर्माकोलचे, राखी रंग दिलेले, आणि मुली एका हाताने पाटी फिरवीत आणि हसत. पुढची मुलगी रेणुका होती. सोळा वर्षांची पोर, केसांत गजरे, दंडास चमकी. बाईंस हे कोणी सांगितले नव्हते. तोच शौनकपंत गिटार घेऊन पुढे जाहले, रेशमी अंगरखा, केस तितकेच लांब पण तेल लाविलेले, आणि गाऊ लागले:

शिट्टी कुणी वाजविली, जीव माझा उडाला
माझा साजण गं बाई, डोळ्यांमंदी बुडाला
कुणी शिट्टी वाजविली? नाव नका विचारू
रात सरून जाईल गं, गाव नका विचारू

चाल तीच होती. बाईंचे ओठ चालीबरोबर हलले आणि शब्दांस अडखळून थांबले. आणि दुसरे फेरीस पंतांनी हात वर केला आणि साऱ्या समुदायाने तोंडात बोटे घालून शिट्ट्या वाजविल्या, हजारो शिट्ट्या, खाणीचे भिंतींवर आपटून त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, आणि बाई कडेसच खाली बसल्या. त्यांतील एक त्या दिवशी वाजती तर. एकच. त्यांणी उठून साऱ्या बळाने 'रंभाजी' म्हणून हाक मारिली. कर्ण्यांपुढे ती त्यांचे त्यांसही ऐकू आली नाही. शेजारी एक जोडपे मोबाईलात चित्र धरीत होते, त्यातील पुरुष म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता? मध्ये येताय." बाई बाजूस जाहल्या. खाली सरदार रंभाजीराव आसनावर मांडीवर ताल धरून बसले होते, आणि गाणे सरले तेव्हा त्यांचे डोळ्यांत पाणी आले होते, ऐसे जवळचे लोक सांगतात. मग त्यांणी शौनकपंतांस शाल पांघरिली आणि 'लोकगानभूषण' हा किताब दिला.

दुसरे दिवशी सकाळी पंत वस्तीवर आले. शाल आणिली होती, ती बाईंपुढे ठेविली आणि म्हणाले, "ही आपली आहे, ताई. लोक कसे वेडे जाहले ते आपण पाहावयास हवे होते."

"पायलं," बाई म्हणाल्या. मग पुसिले, "भाऊ, पैल्या साली तुमी रडला व्हता. ते खरं व्हतं?"

"देवाशपथ खरे."

"मंग काल?"

पंतांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "काल गळा भरून आला असता तर सूर गेला असता." हे त्यांणी दडविले नाही, इतके त्यांचे खाती जमा. बाईंनी शाल घडी मोडू न देता परत त्यांचे हाती दिली आणि आत जाऊन कवाड लोटिले. त्यानंतर उभयतांची गाठ पडली नाही.

त्या ग्रीष्मात नवे गाणे राज्यभर गेले. लग्नाचे वरातीत, रिक्षांत, जत्रेचे पाळण्यांवर, चहाचे टपऱ्यांवर, जेथे जावे तेथे तेच. जुने मेळ्यातील दोघे-चौघे नगराचे चौकात खरे शब्द म्हणावयास उभे राहिले, तो लोकांनी त्यांस हसण्यावारी नेले की यांस गाणे नीट येत नाही. नागूबाई भांडी घासीत त्या घरची मालकीणही गुणगुणत असे. एके दुपारी ज्येष्ठ मासी बाई घरी चुलीपुढे बसून आपलेच मनाशी म्हणू लागल्या, "शिट्टी नाही वाजविली, बार आधी..." रेणुका आरशापुढे वेणी घालीत होती. ती न वळता म्हणाली, "आत्या, चुकलीस. 'नाही' नाय, 'कुणी'."

 बाई उठून तिचेजवळ गेल्या आणि तिचे हातची फणी काढून घेऊन म्हणाल्या, "रेणे, हे कुणाचं गाणं हाय तुला ठावं नाय का? तुझ्या बापाचं हाय. तुझा बाप हितं खाली..."

"ठाऊक आहे, आत्या." पोरीने आरशातूनच पाहिले. आवाजात उद्धटपणा नव्हता, दमलेली होती. "सगळं ठाऊक आहे. लहानपणापासून तेच ऐकतेय. पण तुझ्या गाण्यावर नाचता येत नाही."

बाईंनी फणी हाती तशीच धरिली. मग पोरीचे केस मोकळे सोडून, गुंता काढून, तिची वेणी त्यांणी स्वतः घातली, कारण संध्याकाळी तिला दुसरे नगरी नाचावयास जावयाचे होते आणि मोटार येणार होती.

एवंच क्रोधीनाम संवत्सरातील ग्रीष्माचे वर्तमान. मेळ्याची जागा कलाग्राम जाहली आणि वस्ती तेथून उठविली. शौनकपंत आठल्ये दरबारी मान्यता पावले आणि पुढे मुलांस बंडखोरी कशी करावी यावर व्याख्याने देत. रेणुका नाचात नाव मिळवून राहिली. नागूबाई धोत्रे नगराचे दुसरे टोकास राहावयास गेल्या, गात नाहीत. सरदार रंभाजीरावांनी डोंगराचे पलीकडे नवी खाण काढिली असे. बत्तीपूर्वी शिट्टी वाजवावी ऐसा हुकूम तेथे लाविला आहे. तो या जुन्या खाणीवरही होता.