खिंडीच्या अलीकडे पाणी मोजल्याची हकीकत

श्रीजलदेवता साक्ष. शके सोळाशे चौसष्ट, दुंदुभीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, एका समुद्रकाठच्या राज्यात जे घडले ते आदरे लिहितो. राज्याच्या उत्तरेस समुद्रतळी थोर डोह, त्यात गार आणि जड पाणी साचे, आणि बुडालेल्या डोंगराची एकच खिंड, तिचा उंबरा ओलांडोन ते दक्षिणेस उतरे. त्या पाण्यावर दक्षिणेची मासळी जगे, म्हणोन किती उतरले ते दरसाल मोजण्याची चाल होती. मोजणार कोठे, तर खिंडीच्या पलीकडे, पाणी कोसळते तेथेच. कारण वाडवडिलांनी तेथे नारळ दिला होता. तेथे खालचा ओघ दोर ओढी, आणि दोराबरोबर होडी ओढी, आणि सकाळचे माप दुपारी जुळत नसे. गेल्या साली होड्यांचा म्होरक्या धाकोजी तांडेल याचा थोरला भाऊ सुभानजी तेथेच बुडाला. यंदा धाकोजीस हुकूम जाहला, सात गडी घेऊन निघावे.

तेव्हा धाकोजी दरबारी उभा राहिला. म्हणाला, "महाराज, अलीकडे डोहातच मोजू. उंबऱ्याच्या वर गार पाणी जितकं उंच उभं, त्यावरच पलीकडे किती पडणार ते ठरतं. उंबरा ओलांडताना पाणी असं धावतं, की पलीकडच्या दंग्याचा निरोप मागे येतच नाही." कारभारी विसाजीपंत बहुत हसले, म्हणाले, "तांडेल, जिवाला भ्यालात असे सरळ सांगा की!" धाकोजी म्हणाला, "भ्यालो तर आहेच, पंत. सात घरांसाठी भ्यालोय."

मग महाराजांनी बागेच्या पाटात दगडी उंबरा बसविला, आणि वरच्या अंगास खुणेची काठी रोवविली, आणि खाली उतरत्या पाण्यात सरकारी हत्ती सोडविला. हत्तीने जो धुमाकूळ घातला तो काय वर्णावा! माळी पळाले, आणि पंतांचे पागोटे चिंब जाहले, आणि काठीपाशी पाणी तिळभर वर चढले नाही की खाली उतरले नाही. पंतांनी हट्टाने विचारिले, "आणि हत्ती आडवा बसला तर?" धाकोजी खरे तेच बोलला, "खालचं पाणी तुंबून उंबरा बुडाला, तर माझं बोलणं खोटं. पण पलीकडचा तळ फार खोल आहे, पंत, तिथं तुंबत नाही." ऐसा खरेपणा पाहोन महाराज संतोषले, आणि पंतांनी भिजल्या पागोट्यानिशी उठोन स्वहस्ते त्यास विडा दिला. मोठ्या मनाचे खरे.

मग सात गडी शांत डोहात गेले, आणि वजन बांधोन दोर तळाशी सोडिला, आणि झरझर ओढिता जितका हातास गार लागला तितका वावांनी, म्हणजे पसरल्या दोन हातांच्या मापाने, मोजिला, आणि त्यातून उंबऱ्याची उंची वजा केली, आणि पाण्याचा अंदाज बिनचूक सांगितला. परतताना धाकोजीने दुरूनच खिंडीकडे नारळ सोडिला, आणि गड्यांदेखत ढसढसा रडला. म्हणाला, "दादा, आता तुझ्या सोबतीला कुणी येणार नाही रे."

येणेप्रमाणे धाकोजीने राज्याचे पाणी मोजिले आणि माणसे राखिली. त्यानंतर खिंडीने कोणाचा जीव घेतला नाही.